९.४, ११.२ की ८? रॉक फॉस्फेटमधल्या आर्सेनिकचा आयसीपी-एमएसवरचा तपास

रॉक फॉस्फेटच्या (खतांसाठी लागणाऱ्या फॉस्फेट खनिजाच्या) पुडीत आर्सेनिक किती, एवढाच प्रश्न. खरेदीच्या करारात मर्यादा १० पीपीएम (दशलक्षात १० भाग). आयसीपी-एमएसवर, म्हणजे आर्गॉनच्या प्लाझ्मात अणूंचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्रावर, हेलियम मोडमध्ये (आयनांच्या वाटेत हेलियम भरून) आकडा आला ९.४, म्हणजे माल पास. पण पद्धतीत विरळीकरणाची चाचणी बंधनकारक होती. तेच द्रावण ५ पट पातळ करून मोजले आणि ५ ने गुणले, तर ११.२. आता माल नापास. फरक १९ टक्के. ब्लँक (नमुना नसलेले द्रावण) स्वच्छ, कॅलिब्रेशनची रेषा सरळ, इंटर्नल स्टँडर्डची (तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात घातलेल्या दुसऱ्या मूलद्रव्याची) रिकव्हरी १०६ टक्के, स्पाइकची (नमुन्यात मुद्दाम घातलेल्या मोजक्या आर्सेनिकची) ८० टक्के. सगळे नेहमीच्या ७५ ते १२५ टक्क्यांच्या चौकटीत.

अशा वेळी प्रयोगशाळेत पहिला तर्क ठरलेला असतो: कॅल्शियमने सिग्नल दाबला, पातळ केल्यावर दाब कमी झाला, तेव्हा ११.२ खरे. तर्क सोपा आहे आणि चुकीचा आहे. खरे मूल्य ८ च्या आसपास होते. दोन्ही आकडे वाढीव होते, आणि त्यांतला कमी वाढीव दिसणारा आकडा दुसऱ्या एका चुकीमुळे खाली ओढला गेला होता. (प्रकरण नमुनादाखल बांधलेले आहे. हिशेब कागदावर पडताळता यावा म्हणून आकडे गोल घेतले आहेत. वागणूक मात्र अशा नमुन्यांत जशी दिसते तशीच.)

द्रावणात काय काय आहे

०.५ ग्रॅम पूड, ९ मिली हायड्रोक्लोरिक आणि ३ मिली नायट्रिक, म्हणजे आम्लराज. रॉक फॉस्फेटमध्ये कार्बोनेट असते, त्यामुळे आम्ल पडताच फेस येतो. भांडे लगेच बंद केले तर दाब अकारण चढतो. १५-२० मिनिटे उघडे ठेवून मगच झाकण लावायचे. त्यानंतर मायक्रोवेव्हमध्ये १७५ ते १८० अंश. बंद भांडे हवेच, कारण आर्सेनिक ट्रायक्लोराइड १३० अंशांनाच उकळते आणि उघड्या हॉटप्लेटवर क्लोराइडच्या सोबतीने आर्सेनिक उडून जाऊ शकते. फ्लोरअॅपेटाइटमधून हायड्रोफ्लोरिक आम्लही सुटते, म्हणून काचेची भांडी टाळून टेफ्लॉन-पीएफए आणि प्लास्टिकचे फ्लास्क. पाचन झाल्यावर ५० मिलीपर्यंत भरणी, त्यातून पुन्हा १० पट विरळ. शेवटी १ लिटरला १ ग्रॅम पूड, त्यामुळे घन नमुन्यातला पीपीएम आणि द्रावणातला पीपीबी (अब्जात एक भाग) एकच आकडा होतो. पुढचे सगळे आकडे याच द्रावणाचे.

कॅल्शियम ३५० पीपीएम. क्लोराइड ०.६ टक्का, ९ मिली तीव्र आम्लातले सगळे क्लोराइड टिकले असते तर पाऊण टक्का भरला असता, काही क्लोरीन वायूच्या रूपाने निघून गेले. आणि कोणी मुद्दाम मोजायला सांगितले नव्हते ते: निओडिमियम ३०० पीपीबी, समेरियम ६०, गॅडोलिनियम ६०, डिस्प्रोशियम ४०. रॉक फॉस्फेटमधले मुख्य खनिज अॅपेटाइट, त्याच्या जाळीत कॅल्शियमच्या जागी ही रेअर अर्थ (दुर्मीळ मृदा) गटातली मूलद्रव्ये सहज बसतात, तेव्हा रॉक फॉस्फेटमध्ये ती शेकडो पीपीएम असणे हा अपवाद नाही. साध्या मातीत निओडिमियम ३० पीपीएमच्या आसपास असते. मातीवर तपासून घेतलेली पद्धत इथे का घसरते, याचे अर्धे उत्तर या दहापट फरकात आहे.

७५ वर कोण कोण येते

आर्सेनिकला एकच स्थिर समस्थानिक, ७५. पर्यायी वस्तुमान घेऊन ताडून पाहायची सोय नाही. क्वाड्रुपोल, म्हणजे यंत्रातली आयन निवडणारी गाळणी, आयनाचे नाव विचारत नाही. वस्तुमान भागिले प्रभार एवढेच पाहतो, आणि तेही साधारण ०.७ एककाच्या रुंदीने. आर्सेनिकचे नेमके वस्तुमान ७४.९२१६. आर्गॉन-४० आणि क्लोरीन-३५ मिळून झालेल्या आयनाचे ७४.९३१२. कॅल्शियम-४० आणि क्लोरीन-३५ चे ७४.९३१४. कोबाल्ट-५९ चा ऑक्साइड ७४.९२८१. क्वाड्रुपोलच्या लेखी हे चारही एकच.

पाचवा गट वेगळ्या जातीचा. निओडिमियम-१५० आणि समेरियम-१५० यांच्यावर दोन प्रभार असतील तर १५० भागिले २, म्हणजे पुन्हा ७५. आर्गॉनची आयनीकरण ऊर्जा १५.७६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. बहुतेक धातूंचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला याहून जास्त ऊर्जा लागते, म्हणून त्यांचे दुहेरी आयन नगण्य असतात. रेअर अर्थना मात्र ११ च्या आसपासच पुरते: निओडिमियमला १०.७, समेरियमला ११.१. नीट जुळवलेल्या प्लाझ्मातही त्यांचे १ ते ३ टक्के अणू दोन प्रभार घेऊनच बाहेर पडतात. उलट आर्सेनिकचा पहिलाच इलेक्ट्रॉन ९.७९ ला निघतो, त्यामुळे त्याचे जेमतेम निम्मे अणू आयन होतात. एका पीपीबीमागे आर्सेनिकचे काउंट्स (मोजले जाणारे आयन) मुळात थोडे आणि रेअर अर्थचे भरपूर. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते या असमान तराजूत तोलावे लागतात.

हेलियमने काय अडवले आणि काय सोडले

हेलियम मोडचा इथे खुलासा करणे भाग आहे, कारण “हेलियम लावला, आता ७५ स्वच्छ” हा समज पक्का रुजलेला आहे.

सेलमध्ये, म्हणजे क्वाड्रुपोलच्या आधीच्या हेलियम भरलेल्या कप्प्यात, आयन हेलियमच्या अणूंवर आपटत पुढे सरकतात आणि दर टकरीत थोडी गतिज ऊर्जा गमावतात. सेलच्या टोकाला काही व्होल्टचा उंबरठा असतो. ज्याची ऊर्जा उरली तो ओलांडतो, दमलेला अडकतो. आर्गॉन-क्लोराइड आणि आर्सेनिक यांचे वस्तुमान जवळजवळ सारखे, पण दोन अणूंचा आयन अंगाने मोठा, म्हणून तेवढ्याच वाटेत त्याच्या टकरी जास्त होतात. चाळणी लागते ती आकारावर. ०.६ टक्का क्लोराइडचे कोरे द्रावण हेलियमविना ४ पीपीबीच्या आसपास खोटे आर्सेनिक दाखवत होते, हेलियम मोडमध्ये ०.०५. क्लोराइडपुरते काम चोख झाले.

निओडिमियमचा दुहेरी आयन मात्र एकटा अणू आहे. अंग लहान. शिवाय वस्तुमान १५०. m वस्तुमानाचा आयन M वस्तुमानाच्या स्थिर अणूवर आपटला तर एका टकरीत सरासरी २mM/(m+M)² एवढा ऊर्जेचा वाटा जातो. हेलियमशी टकरीत ७५ च्या आयनाचे ९.६ टक्के जातात, १५० च्या आयनाचे ५.१ टक्के. दहा टकरींनंतर आर्सेनिककडे सुमारे ३६ टक्के ऊर्जा उरते, निओडिमियमकडे ५९ टक्के. प्रभार दुप्पट असल्याने उंबरठाही त्याला ऊर्जेच्या हिशेबात दुप्पट उंच पडतो हे खरे, पण आत शिरताना त्याच विद्युत दाबाने त्याला दुप्पट ऊर्जाही मिळालेली असते. ती दुप्पट फिटते, आणि हाती उरतो तो कमी दमण्याचा फायदा.

म्हणजे हेलियम मोड दुहेरी आयन अडवत नाही, उलट आर्सेनिकच्या तुलनेत त्यांचा वाटा वाढवतो. याच द्रावणात हेलियमविना त्यांची भर १.९ पीपीबी होती, हेलियम मोडमध्ये ३.८. प्रवाह वाढवून आणखी “स्वच्छ” करायला गेलात तर आर्सेनिकचे काउंट्स पडतात आणि हे प्रमाण आणखी बिघडते.

तर हेलियम मोडचा प्रामाणिक आकडा ८ अधिक ३.८, म्हणजे ११.८ यायला हवा होता. मग ९.४ कुठून आला?

जर्मेनियमची फसवी रिकव्हरी

इंटर्नल स्टँडर्ड होते जर्मेनियम-७२, ऑनलाइन, म्हणजे यंत्रात जाणाऱ्या नळीतच मिसळलेले, द्रावणात १०० पीपीबी. आर्सेनिकच्या शेजारचे वस्तुमान, सोयीचे, पुष्कळ पद्धतींत लिहिलेले. पण १४४ भागिले २ म्हणजे ७२, आणि निओडिमियम-१४४ ची नैसर्गिक विपुलता २३.८ टक्के, ७५ वर भर घालणाऱ्या निओडिमियम-१५० च्या (५.६ टक्के) चौपटीहून जास्त. आर्सेनिकला जो उपद्रव होतो त्याहून अधिक काउंट्स इंटर्नल स्टँडर्डवर पडतात. जर्मेनियम १०० पीपीबी ठेवल्याने तो उपद्रव २५ टक्क्यांवर थांबला. २० पीपीबी ठेवले असते तर सिग्नल दुपटीच्या वर गेला असता आणि चूक पहिल्याच नमुन्यात उघडी पडली असती. भरपूर जर्मेनियम घालण्याची खबरदारी इथे चूक झाकायला कामी आली.

कॅल्शियममुळे सगळेच सिग्नल १५ टक्के दबले होते. जर्मेनियमची रिकव्हरी १.२५ गुणिले ०.८५, म्हणजे १०६ टक्के. कंट्रोल चार्टवर एवढी शहाणी दिसणारी रेघ पाहून कोण शंका घेईल? पण सॉफ्टवेअर आर्सेनिकला याच फुगलेल्या आकड्याने भागते: ११.८ भागिले १.२५, उत्तर ९.४. वाढीव आर्सेनिक आणि वाढीव भाजक. द्रावण ५ पट पातळ केल्यावर रेअर अर्थ पाचपट घटले, जर्मेनियम मात्र ऑनलाइन येत असल्याने तेवढेच राहिले. फुगवटा २५ वरून ५ टक्क्यांवर आला आणि ११.८ भागिले १.०५ म्हणजे ११.२ दिसले. २० पट पातळ केले असते तर ११.७. आकडा चढत चढत ११.८ कडे जातो आणि तिथे स्थिरावतो, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की हेच खरे मूल्य.

विरळीकरणाची चाचणी इथेच तोकडी पडते. ७५ वरची भर आर्सेनिकइतकीच पातळ होते. कितीही विरळ केले तरी दोन्ही एकाच प्रमाणात घटतात, म्हणून ती भर या चाचणीला दिसत नाही. चाचणीने जे पकडले ते जर्मेनियमचे दुखणे. स्पाइकचेही तसेच. घातलेल्या आर्सेनिकची वाढ नीट मोजली जाते का एवढेच स्पाइक सांगतो. मुळात बसलेल्या खोट्या बेरजेबद्दल तो काही बोलत नाही. त्याची ८० टक्के रिकव्हरी म्हणजे १ भागिले १.२५, पुन्हा जर्मेनियमच. आकडा चौकटीत होता म्हणून कुणी त्याच्याकडे पाहिले नाही. इंटर्नल स्टँडर्ड १०६ दाखवतो आणि स्पाइक ८०, ही जोडी स्वतःच विसंगत आहे: सिग्नलचा दाब खरोखर दुरुस्त झाला असेल तर स्पाइक १०० च्या जवळ हवा.

खात्री कशी केली

पहिले काम इंटर्नल स्टँडर्ड बदलण्याचे. ऱ्होडियम-१०३ घेतले, जर्मेनियम लाइनमधून पूर्ण काढले. आकडा ११.८, स्पाइक १०० टक्के, आणि आता विरळ करूनही ११.८ च. सगळ्या चाचण्या पास, आणि उत्तर पूर्वीपेक्षा जास्त चूक. या टप्प्यावर थांबून अहवाल देण्याचा मोह सर्वांत मोठा असतो. (ऱ्होडियमही निर्धोक नाही, स्ट्रॉन्शियम-८७ चा ऑक्साइड १०३ वर येतो आणि रॉक फॉस्फेटमध्ये स्ट्रॉन्शियम भरपूर असते. हेलियम मोडमध्ये त्याची भर इथे टक्क्याच्या आत होती. टेल्युरियम-१२५ ने पडताळले तर ११.६. त्याची आयनीकरण ऊर्जा ९.०१, आर्सेनिकला जवळची, म्हणून हा पडताळा जास्त वजनाचा.)

दुसरे काम स्कॅन. नेहमीच्या पद्धतीत उपकरण पूर्णांक वस्तुमानांवरच उड्या मारत मोजते, मधल्या जागेत काय आहे ते कधी दिसतच नाही. जर्मेनियमविना, शिखराची रुंदी ०.३ ते ०.४ एककांपर्यंत आवळून, ७१ ते ७९ सलग स्कॅन केले. ७१.५, ७२.५, ७३.५ आणि ७४.५ वर शिखरे उभी राहिली. एका प्रभाराचा कोणताही आयन अर्ध्या आकड्यावर बसू शकत नाही. अर्धा आकडा म्हणजे विषम वस्तुमान आणि दोन प्रभार. ७१.५ आणि ७२.५ म्हणजे निओडिमियम १४३ आणि १४५, ७३.५ आणि ७४.५ म्हणजे समेरियम १४७ आणि १४९. उंचीची प्रमाणेही विपुलतेशी जुळली: निओडिमियमची १२.२ ला ८.३, समेरियमची १५.० ला १३.८. नेहमीच्या ०.७ रुंदीवर हीच शिखरे शेजारच्या पूर्णांकांच्या पायथ्यात बुडालेली असतात.

तिसरे काम, आर्सेनिक नसलेली द्रावणे मोजणे. २ टक्के नायट्रिकमध्ये फक्त निओडिमियम ३०० पीपीबी: खोटे आर्सेनिक ३.०. फक्त समेरियम ६० पीपीबी: ०.८. बेरीज ३.८. विपुलतेच्या हिशेबाशीही हे बसते. निओडिमियमचे ३०० गुणिले ५.६४ टक्के म्हणजे १६.९, समेरियमचे ६० गुणिले ७.४ टक्के म्हणजे ४.४, आणि १६.९ ला ४.४ हेच ३.० ला ०.८. इथे एक काळजी घ्यावी लागते. रेअर अर्थच्या स्टँडर्ड द्रावणात अशुद्धी म्हणून खरे आर्सेनिकही असू शकते. तेव्हा तीच बाटली पुढे सांगितलेल्या ऑक्सिजन मोडमध्ये मोजून ०.०२ च्या आत आहे हे पाहिले, मगच ३.८ हा आकडा दुहेरी आयनांच्या नावे टाकला.

प्लाझ्मा थंड करून सुटका होते का, हेही पाहिले. सेरियमवरून दुहेरी आयनांचे प्रमाण (७० भागिले १४०) २ टक्क्यांवरून १.२ वर आणता आले: वाहक वायू वाढवला, पॉवर थोडी उतरवली. भर ३.८ वरून २.३ झाली. पण ऑक्साइडचे प्रमाण (१५६ भागिले १४०) चढले आणि आर्सेनिकचे काउंट्सही घसरले, कारण ९.७९ ची पायरी चढायला त्यालाच गरम प्लाझ्मा लागतो. ही दोन गुणोत्तरे एकमेकांविरुद्ध ओढतात. ट्यूनिंगने भर कमी होते, संपत नाही.

जुने समीकरण आणि त्याचा योगायोग

टक्कर-सेल १९९० च्या दशकाच्या अखेरीस रुळले. त्याआधी ७५ वरचे क्लोराइड गणिताने वजा करत आणि काही ठिकाणी अजूनही करतात. क्लोरीन-३७ चा आर्गॉन-क्लोराइड ७७ वर येतो. ७७ वरून सेलेनियमचा भाग (८२ वरच्या सिग्नलची ०.८७ पट) काढायचा, उरलेल्याला ३.१३ ने गुणायचे, कारण क्लोरीन-३५ आणि ३७ चे प्रमाण तेवढे, आणि ते ७५ मधून वजा करायचे.

हेलियमविना हाच नमुना १४.२ दाखवतो, समीकरण लावले की ८.६. खऱ्या मूल्याच्या इतके जवळ की कुणालाही वाटावे, जुने तेच सोने. पण ७७ वर समेरियम-१५४ आणि गॅडोलिनियम-१५४ चे दुहेरी आयन बसलेले आहेत आणि समीकरण त्यांना क्लोराइड समजून ३.१३ पट वजा करते. ८२ वर डिस्प्रोशियम-१६४ बसले आहे, त्याला ते सेलेनियम समजते आणि वजाबाकी कमी करते. सगळ्यांचे दुहेरी प्रमाण सारखे धरले तर या नमुन्यात वजा आणि अधिक जवळजवळ फिटतात आणि ०.६ ची भर उरते. डिस्प्रोशियम ४० ऐवजी २० असते तर उत्तर ७.१ च्या आसपास आले असते, आणि मुळीच नसते तर सहाच्याही खाली. म्हणजे आर्सेनिकचा आकडा डिस्प्रोशियमवर अवलंबून! त्यात आर्गॉनमधला क्रिप्टॉन-८२ आणि कॅल्शियम-आर्गॉनचा ८२ वरचा आयन आहेतच. रॉक फॉस्फेटसाठी हे समीकरण वापरू नये.

कोणता उपाय धरला

तिहेरी क्वाड्रुपोल (सेलच्या आधी आणि नंतर एकेक क्वाड्रुपोल असलेले यंत्र) उपलब्ध असेल तर प्रश्न सरळ सुटतो. अशी उपकरणे २०१२ पासून बाजारात आहेत. पहिला क्वाड्रुपोल ७५ वर लावायचा, सेलमध्ये ऑक्सिजन, दुसरा ९१ वर. आर्सेनिकचा आयन ऑक्सिजनकडून एक अणू उत्साहाने घेतो आणि ९०.९१६५ वर ऑक्साइड होऊन जातो. आर्गॉन-क्लोराइड तसे करत नाही. निओडिमियम-१५० च्या दुहेरी आयनाने ऑक्सिजन घेतला तरी दोन प्रभारांनिशी तो १६६ भागिले २, म्हणजे ८३ वर जातो. एक प्रभार गमावला तर १६६ वर. ९१ वर येण्याची वाट त्याला नाही. ऑक्सिजनचा प्रवाह ठरवताना आर्सेनिकचे ५ पीपीबीचे द्रावण आणि निओडिमियम-क्लोराइड-कॅल्शियमचे कोरे द्रावण दोन्ही प्रत्येक प्रवाहावर मोजायचे आणि दोन्हींचे गुणोत्तर सर्वोत्तम असेल तिथे थांबायचे. नुसते काउंट्स जास्त म्हणून प्रवाह निवडू नये. कोबाल्ट जास्त असलेल्या मालात कोबाल्टचेही कोरे द्रावण याच रांगेत लावावे. इथे उत्तर आले ८.१.

एकाच क्वाड्रुपोलच्या यंत्रात सेलमध्ये ऑक्सिजन भरून ९१ वाचण्याचा आडमार्ग काही जण घेतात. झिर्कोनियम-९१ (विपुलता ११.२ टक्के) तिथे आधीच असतो आणि त्याला अडवणारा पहिला क्वाड्रुपोल यात नाही. खनिज नमुन्यात हा मार्ग बंदच समजावा.

एकच क्वाड्रुपोल असेल तर अर्ध्या वस्तुमानाची दुरुस्ती. हेलियम मोड, जर्मेनियमविना, ७२.५ आणि ७३.५ अरुंद शिखराने मोजायचे. निओडिमियम-१५० ला १४५ शी असलेले प्रमाण ०.६८, समेरियम-१५० ला १४७ शी ०.४९. पण हे कागदी गुणक जसेच्या तसे लावू नयेत. अरुंद शिखरात काउंट्स कमी मिळतात आणि वस्तुमानानुसार प्रतिसादही थोडा बदलतो. एकेका मूलद्रव्याचे द्रावण चालवून ७५ आणि ७२.५ चे प्रत्यक्ष गुणोत्तर काढायचे, तेही त्याच दिवशी, त्याच ट्यूनवर, आणि दर १०-१२ नमुन्यांनंतर तपासायचे. प्लाझ्मा सरकला तरी दोन्ही समस्थानिक एकत्र सरकतात, म्हणून ही दुरुस्ती निओडिमियमची संहती मोजून ठरावीक टक्के वजा करण्यापेक्षा भक्कम असते. उत्तर ८.२. वजाबाकी ११.८ मधून ३.८ ची आहे, त्यामुळे गुणकातली ५ टक्क्यांची चूक उत्तरात ०.२ होऊन येते. अनिश्चिततेत ती धरावी लागते. आर्सेनिक २ आणि भर ३.८ अशा नमुन्यात हा मार्ग वापरू नये.

तिसरा मार्ग हायड्राइडचा. पोटॅशियम आयोडाइड आणि अॅस्कॉर्बिक आम्लाने पाच-संयुजी आर्सेनिक तीन-संयुजी करून घ्यायचे (हे पूर्वक्षपण), मग सोडियम बोरोहायड्राइड. आर्सिन वायू होऊन प्लाझ्मात जातो. रेअर अर्थ, कॅल्शियम आणि जवळजवळ सगळे क्लोराइड मागे राहते. वेळखाऊ आहे, पण साध्या यंत्रावर स्वतंत्र पुरावा मिळतो. पूर्वक्षपण अपुरे राहिले तर उत्तर कमी येते, म्हणून स्पाइक पाच-संयुजी आर्सेनिकचाच घालावा. तीन-संयुजी स्पाइक पूर्ण मिळतो आणि ही उणीव लपून राहते.

सेक्टर यंत्रावर (चुंबकाने आयन जास्त बारकाईने वेगळे करणाऱ्या) हिशेब आकड्यांत दिसतो. आर्सेनिक आणि निओडिमियमचा दुहेरी आयन (७४.९६०) वेगळे करायला पृथक्करण क्षमता २००० च्या आत पुरते, आर्गॉन-क्लोराइडसाठी ७८०० लागते. मध्यम ४००० वर निओडिमियम सुटते पण क्लोराइड राहते. १०,००० वर दोन्ही सुटतात, मात्र सिग्नलचे काही टक्केच उरतात. ८ पीपीबीला तेवढे पुरतात.

अहवाल आणि मागचे नमुने

ऑक्सिजन मोडचे ८.१ अहवालात गेले, अर्ध्या वस्तुमानाचे ८.२ पडताळा म्हणून नोंदले, आणि पद्धतीत तीन बदल झाले. रॉक फॉस्फेट, फॉस्फेट खते आणि मोनाझाइट (रेअर अर्थचे फॉस्फेट खनिज) असलेल्या वाळूसाठी जर्मेनियम बंद. प्रत्येक बॅचमध्ये निओडिमियम ३०० आणि समेरियम ६० पीपीबीचे आर्सेनिकमुक्त द्रावण, त्यात ०.२ पीपीबीपेक्षा जास्त आर्सेनिक दिसले तर बॅच थांबवायची. आणि नियंत्रण नमुना म्हणून मातीऐवजी फॉस्फेट खनिजाचा प्रमाणित नमुना. मातीच्या नमुन्यात रेअर अर्थ दहापट कमी, तिथली भर दशांशात राहते आणि सगळे आलबेल दिसते.

मागचे नमुने पुन्हा मोजायचे की नाही, हे कच्च्या फाइलींवरून ठरवता येते. याच रनमध्ये निओडिमियम किंवा सेरियम मोजले गेले असेल तर दर १०० पीपीबी निओडिमियममागे, नेहमीच्या समेरियमसह, सुमारे १.३ पीपीबी भर धरून अंदाज घ्यायचा. मोजले नसेल तर जर्मेनियमची रिकव्हरी आणि त्याच रनमधल्या दुसऱ्या एखाद्या इंटर्नल स्टँडर्डची रिकव्हरी शेजारी ठेवायची. जर्मेनियम १०६ आणि इंडियम ८५ असे जिथे दिसेल, तो नमुना पुन्हा लावायचा.

त्याच फाइलीत सेलेनियमचा रकानाही पाहून घ्यावा. ७८ वर गॅडोलिनियम-१५६ (विपुलता २०.५ टक्के) आणि ८० वर गॅडोलिनियम-१६० व डिस्प्रोशियम-१६० चे दुहेरी आयन येतात; सेलेनियमची आयनीकरण ऊर्जा ९.७५, म्हणजे तराजू आर्सेनिकइतकाच असमान. गॅडोलिनियम ६० पीपीबी असलेल्या या द्रावणात हेलियम मोडचे सेलेनियम-७८ पीपीबीच्या पटीत खोटे आले होते. तिथेही उपाय तोच, ८० वरून ९६ वर, आणि अर्ध्या वस्तुमानाची खूण ७७.५ व ७८.५ वर.